अर्ध्या तासाची चूक

पुणे जिल्ह्यातील एका लहानशा गावी मी शिक्षक होतो. आमच्या शाळेत संगणक आला, त्या वर्षीची ही गोष्ट. शहरातील एका मित्राने त्या संगणकावर ‘स्टेलॅरियम’ नावाची आकाशदर्शनाची प्रणाली बसवून दिली. ही प्रणाली विनामूल्य आहे. फाबियाँ शेरो या फ्रेंच तंत्रज्ञाने या शतकाच्या आरंभी तिचा पाया घातला आणि पुढे अनेक स्वयंसेवकांनी तिच्यात भर घातली. आपले गाव, तारीख आणि वेळ तिला सांगितली, की त्या क्षणीचे आकाश पडद्यावर उभे राहते. मला तर तो जादूचा आरसाच वाटला.

डिसेंबरचा मध्य होता. मुलांना व्याधाचा उदय दाखवावा, असे माझ्या मनात आले. रात्रीच्या आकाशातील सर्वांत तेजस्वी तारा तो! पडद्यावरील वेळ पुढे सरकवीत मी पाहिले, तो शनिवारी सात वाजून चाळीस मिनिटांच्या सुमारास व्याध क्षितिजावर येत होता. मी वर्गात मोठ्या ऐटीने सांगितले, “शनिवारी पावणेआठ वाजता माळावर या. व्याध तुमच्यासमोर उगवेल.”

शनिवारी मुले आली. त्यांच्याबरोबर घोंगडी पांघरून काही वडीलधारी मंडळीही आली. पूर्वेला मृग नक्षत्र वर आलेले होते. पावणेआठ झाले. व्याधाचा पत्ता नव्हता. आठ वाजले. लहान मुले थंडीने कुडकुडू लागली. तेव्हा एक आजोबा हसून म्हणाले, “गुरुजी, तारा यायचा तेव्हा येतोच. तुमच्या यंत्राला विचारून थोडाच येतो तो?” सारे हसले आणि हळूहळू घरोघर परतू लागले. सव्वाआठ वाजता माळाच्या कडेवर तो तेजस्वी तारा लुकलुकू लागला. पण तो पाहावयास सहा-सातच मुले उरली होती. त्या रात्री मला ताऱ्याच्या सौंदर्यापेक्षा माझी फजितीच अधिक जाणवली.

घरी येताच मी प्रणालीच्या कर्त्यांना उद्देशून एक रागाचे पत्र लिहावयास घेतले. पण असा दोष कळवावयाचा, तर काही गोष्टी क्रमाने सांगाव्या लागतात. आपण काय केले, काय घडेल असे वाटले होते आणि प्रत्यक्षात काय घडले? माझ्या पत्रात राग पुष्कळ होता, माहिती मात्र काहीच नव्हती.

सोमवारी मी वर्गात म्हणालो, “आपली प्रणाली चुकते आहे. ती किती चुकते, हे आपण शोधून काढू.” तेव्हा सातवीतील एका मुलीने विचारले, “गुरुजी, तीच चुकली, हे आधीच कसं ठरवायचं?” त्या साध्या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते.

आम्ही शाळेच्या अंगणात एक सरळ काठी रोवली. पावणेबारा वाजल्यापासून दर पाच मिनिटांनी तिच्या सावलीच्या टोकाशी मुले खूण करू लागली. पडद्यावर सूर्याचा मध्यान्ह बारा वाजता दिसत होता. ‘मध्यान्ह बारालाच व्हावयाचा, निदान एवढे तरी बरोबर आहे,’ असे मी मनाशी म्हटले. परंतु बारा वाजून गेले, तरी सावली आखूड होतच राहिली. ती सर्वांत आखूड झाली, तेव्हा साडेबारा झाले होते. पुन्हा अर्ध्या तासाचाच फरक! रात्री ताऱ्यात जेवढी चूक, तेवढीच दिवसा सूर्यातही. म्हणजे दोष ताऱ्यांच्या जागांत नव्हता, तो वेळेत होता.

मग आम्ही एकेक गोष्ट तपासू लागलो. गावाचे अक्षांश-रेखांश बरोबर होते, तारीखही बरोबर होती. इतक्यात तीच मुलगी म्हणाली, “गुरुजी, भिंतीवरच्या घड्याळात अडीच वाजलेत आणि पडद्यावर मात्र दोनच!”

आणि मला सारे आठवले. पहिल्याच दिवशी, कोणत्या ठिकाणची वेळ पाळावयाची, हे मी प्रणालीला सांगितले होते. त्या यादीत मुंबई नव्हती, पुणेही नव्हते. कोलकाता होते, पण ते मला फार दूरचे वाटले. म्हणून रेखांशाने आपल्याला अधिक जवळ असलेले कराची मी निवडले. माझे गणित चुकले नव्हते. पण घड्याळ गावाच्या रेखांशावर चालत नाही, ते देशाच्या नियमावर चालते. सारा भारत मिर्झापूरजवळून जाणाऱ्या ८२.५ अंश पूर्व रेखांशाची वेळ पाळतो. पंधरा अंशांना एक तास, या हिशेबाने आपण ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढे आहोत. कराचीचे घड्याळ मात्र पाचच तास पुढे असते. १९०६ साली ही भारतीय प्रमाणवेळ सुरू झाल्यावरही मुंबईने १९५५ पर्यंत तिच्याहून ३९ मिनिटे मागे असणारी आपली वेळ जपली होती!

आमचे गाव त्या रेखांशाच्या सुमारे साडेआठ अंश पश्चिमेस आहे. अंशामागे चार मिनिटे धरली, तर आमचा मध्यान्ह बारा चौतीसला यावयाचा. डिसेंबरच्या मध्यास सूर्य घड्याळाच्या चार-पाच मिनिटे पुढे असतो, म्हणून तो साडेबाराला आला. काठी खरे बोलत होती. माझ्या चुकीने मात्र मध्यान्ह नेमका बारावर आणून ठेवला होता आणि म्हणूनच ती चूक मला खऱ्याहून खरी वाटली.

कराचीच्या जागी कोलकाता निवडावयास क्षणही लागला नाही. त्याहून अवघड काम पुढेच होते. मी वर्गापुढे उभा राहिलो आणि म्हणालो, “मुलांनो, प्रणाली चुकली नव्हती. मी चुकलो होतो.” मग ते पत्र मी त्यांच्यादेखत फाडून टाकले.

पुढच्या शनिवारी आम्ही पुन्हा माळावर जमलो. या वेळीही मी पावणेआठचीच वेळ सांगितली होती. तारे रोज सुमारे चार मिनिटे लवकर उगवतात, सात दिवसांत २८ मिनिटे. म्हणजे मी चूक न शोधता हट्टाने जुनीच वेळ पुन्हा सांगितली असती, तरी त्या दिवशी व्याध आलाच असता; लोकांनी मला शाबासकी दिली असती आणि चूक तशीच राहिली असती. हा हिशेब त्या मुलीनेच मला करून दाखवला.

पावणेआठ झाले आणि दोन-तीन मिनिटांतच माळाच्या कडेवर व्याध चमकला. मुलांनी टाळ्या वाजवल्या. आजोबाही आले होते. त्यांनी ताऱ्याकडे पाहिले, माझ्या मनगटावरील घड्याळाकडे पाहिले आणि म्हणाले, “आज जमलं, गुरुजी!”

तेव्हापासून आमच्या शाळेत एक रीत पडली. दरवर्षी मुले आधी अंगणात काठी रोवून सावली मोजतात आणि मगच पडद्यावरच्या आकाशाकडे वळतात.