हात मोकळे ठेवून

पेट्रोल पंपावरची मुलं विचारतात, "ताई, ॲव्हरेज किती देते?" आणि वयस्कर माणसं विचारतात, "पाठ नाही का हो दुखत?" पहिल्याचं उत्तर सोपं आहे. हायवेला नीट चालवली तर पंचवीस ते तीस. दुसऱ्याचं उत्तर लांबलचक आहे, आणि मागे रांग लागलेली असते, म्हणून "सवय झाली" असं सांगून मी निघते. खरं तर सवय हे काही उत्तर नव्हे. चुकीचं बसण्याचीही सवय होते आणि तरी दुखायचं ते दुखतंच.

माझी गाडी केटीएमची आरसी ३९०, पहिल्या पिढीतली. ३७३ सीसीचं एकच सिलिंडर, जेमतेम दहा लिटरची टाकी, जमिनीपासून ८२० मिलिमीटरवर सीट. कंपनी ऑस्ट्रियाची, पण गाडी बनली आमच्या पुण्याशेजारी चाकणला, बजाजच्या कारखान्यात. हँडल म्हणजे एकसंध दांडा नाहीच. पुढच्या फोर्कच्या दोन नळ्यांना आवळलेले दोन आखूड तुकडे, त्यांना क्लिप-ऑन म्हणतात. ते खाली आणि पुढे, तर फूटरेस्ट मागे आणि वर. त्यामुळे माणूस कमरेतून पुढे झुकूनच बसतो. ही बैठक शर्यतीच्या ट्रॅकवरून आली आहे आणि तिथे एका दमात थोडाच वेळ बसायचं असतं. मी तिच्यावर बसून पुण्याहून बेंगळुरूला जाते, सुमारे ८४० किलोमीटर.

स्पोर्ट्स बाइकवर लांब जाणं म्हणजे अंगाचे हाल, असं म्हणणारे बहुतेक लोक ती शहरात चालवून बघितलेले असतात. शहरात ती छळतेच. सिग्नलला थांबा, क्लच दाबा, पुढे सरका, ब्रेक मारा; दर वेळी धड पुढे येतं आणि सगळं वजन मनगटांवर पडतं. त्यात इंजिनची उष्णता मांडीवर येते. नवले पुलापासून कात्रजच्या नव्या बोगद्यापर्यंतचा रस्ता मला पुढच्या दोनशे किलोमीटरपेक्षा जास्त दमवतो. एकदा खेड शिवापूर मागे पडलं की गाडीची आणि अंगाची बोलणी सुरू होतात.

या बोलण्यांत एकच अट असते : हातांवर भार टाकायचा नाही. शरीर पुढे झुकलंय, पण ते तोलून धरायचं मांड्यांनी, पोटाने आणि कमरेच्या स्नायूंनी. गुडघे टाकीला दोन्ही बाजूंनी चिकटलेले, फूटरेस्टवर टाच नव्हे तर चवडा, कोपरं किंचित वाकलेली. हँडलवर हात असतात ते क्लच, ब्रेक आणि ॲक्सिलरेटरसाठी. ते धड पेलण्यासाठी नसतात. हे वाचायला सोपं आहे. करायला लागलं की पहिल्यांदा पोट दुखतं, मग मांड्या, आणि मनगटं मात्र दुखायची थांबतात. दुखणं बरोबर जागी सरकलं की समजायचं, बैठक जमायला लागली.

माझी भाची सध्या शिकते आहे. तिला मी मोकळ्या रस्त्यावर एकच कसरत देते : टाकी गुडघ्यांत घट्ट धर आणि चालत्या गाडीवर कोपरं कोंबडीच्या पंखांसारखी हलव. हलली तर हात मोकळे. हलली नाहीत तर तू हँडलला लटकलेली आहेस. ती म्हणते, "आत्या, लोक बघतात गं." बघू देत.

हात मोकळे ठेवण्यामागे आरामापेक्षा मोठं कारण आहे. चालती मोटरसायकल हँडल फिरवून वळत नाही. वेग जरा वाढला की डावीकडे जायचं तर डावं हँडल हलकेच पुढे ढकलायचं. गाडी डावीकडे कलते आणि वळते. सायकल चालवणारा प्रत्येक जण हे नकळत करत असतो. पण दोन्ही हातांनी हँडल आवळलं की डावा हात ढकलतो तेव्हा उजवाही ढकलतो, आणि दोघांची आपसात कुस्ती होते. चालवणाऱ्याला वाटतं, गाडी वळत नाही. गाडी बिचारी वळायला तयारच असते.

आता वाऱ्याविषयी. फेअरिंग म्हणजे पुढचं कवच, हे मुळात शर्यतीतलं. प्रवासी गाडीला पूर्ण फेअरिंग, तेही वाऱ्याच्या बोगद्यात पारखून, देण्याचा पहिला मोठा मान १९७६ च्या बीएमडब्ल्यू आर १०० आरएसला जातो. तिचं कवच बसलेल्या माणसासाठी घडवलं होतं. माझ्या गाडीचं कवच टाकीवर आडव्या झालेल्या माणसासाठी आहे. मी काही दिवसभर आडवी होत नाही, म्हणून काच ओलांडून आलेला वारा थेट छातीवर येतो. हीच यातली गंमत. वाऱ्याचा रेटा वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे चाळीसवरून ऐंशीवर गेलं की तो चौपट होतो. ताठ बसलेल्याला हा चौपट रेटा मागे ढकलतो आणि तो हँडल ओढून धरतो. पुढे झुकलेल्याला तोच रेटा छातीखालून उचलून धरतो. ऐंशीच्या आसपास मनगटांवरचा उरलासुरला भार वारा काढून घेतो. चौपदरी रस्त्यावर दुचाकीला कायद्याने मर्यादाही ऐंशीचीच आहे, तेव्हा माझी आणि सरकारची या बाबतीत एकवाक्यता आहे. दीडशेच्या पुढे जाणारी गाडी तू ऐंशीने का पळवतेस, असं तरुण मंडळी विचारतात. अरे, ब्रेक, वळण आणि ट्रकला मागे टाकण्याची ताकद, हे सगळं ऐंशीलाही माझ्याकडे असतंच की!

वारा समोरूनच येईल असं मात्र नाही. चित्रदुर्गच्या अलीकडे-पलीकडे डोंगरांवर पवनचक्क्या दिसायला लागतात. त्या तिथे उगीच उभारलेल्या नाहीत. पावसाळ्यात बेंगळुरूकडे जाताना नैर्ऋत्येचा वारा उजव्या अंगाने येतो आणि फेअरिंगच्या रुंद कुशीवर आदळतो. उघड्या गाडीला जिथे नुसता धक्का बसतो तिथे ही हातभर सरकते. उजवीकडून मोठी बस पुढे जाते तेव्हा क्षणभर वारा तुटतो, आणि बस गेली की दुप्पट जोराने परत आल्यासारखा वाटतो. अशा वेळी घाबरून हँडल आवळलं की प्रत्येक झोत हातांतून थेट पुढच्या चाकात जातो. कोपरं सैल सोडून उजव्या हाताने किंचित दाब ठेवला की गाडी वाऱ्याकडे जराशी कलून सरळ चालत राहते. कान मात्र वाऱ्याने बधिर होतात. कानांत फोमचे बोळे घालायला मी उशिराच लागले. संध्याकाळची अर्धी थकावट आवाजाची असते हे त्यानंतर कळलं.

सामान बांधणं ही या प्रवासातली निम्मी कला. आरसीची मागची सीट दिसायला सीट नाहीच. शर्यतीच्या गाडीला असतो तसा शेपटीचा उंचवटा आहे आणि तो आतून फोमचा आहे. त्यावर बॅग बांधली की ती पहिल्याच गतिरोधकाला आपली जागा शोधायला निघते. म्हणून पट्टे सीटखालून घेऊन खालच्या सांगाड्याला बांधायचे, बॅगेखाली रबराची चटई घालायची, आणि पट्ट्यांची मोकळी टोकं गुंडाळून चिकटपट्टीने बंद करायची. लोंबकळणारं टोक चेनमध्ये गेलं तर पुढचं सांगायला नको. जड वस्तू शक्य तितक्या पुढे आणि खाली हव्यात. शेपटीवर वजन वाढलं की पुढचं चाक हलकं होतं आणि वळणात गाडी काय म्हणतेय ते हाताला नीट कळत नाही. मग पाने आणि हत्यारं टाकीवरच्या बॅगेत घालावीत का? मी घालत नाही. पडायची वेळ आली तर पोटासमोर लोखंड नको. तिथे रेनकोट, मऊ कपडे आणि कागदपत्रं. हत्यारांची गुंडाळी, ट्यूबलेस पंक्चरचं किट, छोटा पंप आणि क्लचची जादा केबल मागच्या बॅगेच्या तळाशी, माझ्या कमरेला लागून. एवढं झाल्यावर जे उरतं ते घरी ठेवायचं. तिसरी जीन्स आजवर कोणाच्या कामी आलेली मी पाहिली नाही.

दहा लिटरच्या टाकीला लोक हसतात. मला ती आवडते. पावणेदोनशे किलोमीटर झाले की पंप शोधायचाच. कराडला, मग बेळगावला, मग हुबळीच्या पुढे. टाकीवरची बॅग उतरवायची, म्हणजे गाडीवरून उतरायचं, म्हणजे कंबर सरळ करायची. मोठ्या टाकीच्या गाड्यांवरून जाणारे माझे मित्र मोह आवरत नाहीत आणि चारशे किलोमीटर एका दमात काढून संध्याकाळी जिना चढताना कण्हतात. टोलनाक्यांवर दुचाकीला पैसे नसतात, पण डावीकडची ती अरुंद बोळ फुकट नसते. वाळू, सांडलेलं तेल, कलता रस्ता आणि समोर उलटा येणारा बाइकवाला! माझे पाय जमिनीला जेमतेम चवड्यावर टेकतात, त्यामुळे आणेवाडी, तासवडे, किणी ही नावं मला गावांची वाटत नाहीत, परीक्षेच्या पेपरांची वाटतात.

जेवणाचंही एक गणित आहे. ढाब्यावर थाळी हाणून परत झुकून बसणं ही शिक्षा आहे. पोट टाकीला टेकतं आणि डोळे मिटायला लागतात. दावणगेरेला मी लोण्याच्या डोशावर थांबते. एकाच डोशावर, हे मनाला बजावून सांगावं लागतं.

थकवा ओळखायचा कसा, यावर अनुभवी लोकांची वेगवेगळी मतं आहेत. कोणी जांभया मोजतं, कोणी तास. मी हात बघते. सकाळी सैल असलेली बोटं दुपारनंतर आपोआप आवळायला लागतात. सिंगल सिलिंडरच्या कंपाने तळव्याला मुंग्या येतात आणि मुंग्या आल्या की पकड आणखी घट्ट होते. एकदा सैल केली, परत आवळली. दुसऱ्यांदा सैल केली, परत आवळली, तर पुढच्या गावात मुक्काम. ठरवलेलं गाव पुढे असलं तरी. म्हणूनच लांब पल्ल्याच्या स्वारांच्या 'आयर्न बट' संघटनेवाल्यांचा मला आदर आहे, पण हेवा नाही. त्यांच्या सुरुवातीच्या प्रमाणपत्रासाठी २४ तासांत १००० मैल, म्हणजे १६१० किलोमीटर लागतात. ऐंशीची मर्यादा पाळायची तर वीस तास गाडीवर आणि चार तासांत पेट्रोल, जेवण, झोप, सगळं. माझ्या बोटांनी हुबळीतच राजीनामा दिला असता.

२०२० मध्ये माझ्याच इंजिनाची ३९० ॲडव्हेंचर भारतात आली, तेव्हापासून सगळे मला ती घे म्हणतात. मी चालवली आहे. चांगली गाडी आहे, खराब रस्त्यावर तर फारच. पण ताठ बसलं की खड्ड्याचा दणका माकडहाडातून सरळ मानेपर्यंत येतो, आणि वळणात पुढचं चाक लांब कुठेतरी असल्यासारखं वाटतं. शिवाय 'टूरिंगची गाडी' हा प्रकार बाजाराने मागाहून काढलेला आहे. मोटरसायकलवरच्या सगळ्यात गाजलेल्या पुस्तकाचा लेखक रॉबर्ट पर्सिग १९६८ मध्ये मुलाला मागे बसवून अमेरिकेत मिनेसोटापासून कॅलिफोर्नियापर्यंत गेला, तो होंडाच्या ३०५ सीसीच्या सुपर हॉकवर. त्या काळातली ती स्पोर्ट्स बाइकच. लांबच्या प्रवासाची म्हणून मान्यता पावलेली बीएमडब्ल्यू त्याच्या मित्राकडे होती.

मुक्कामी पोहोचल्यावर आंघोळीआधी चेन. ती गरम असतानाच तेल आत शिरतं. या गाडीला मेन स्टँड नाही, नुसता साइड स्टँड, त्यामुळे मागचं चाक जागेवर फिरवता येत नाही. इंजिन चालू करून, गिअर टाकून, फिरत्या चेनला फडकं लावणारे महाभाग मी पाहिलेत. त्यातल्या एकाचं बोट आता अर्धं आहे. मी वीतभर चेन पुसते, तेल लावते, गाडी हातभर ढकलते, पुढची वीत. लॉजचे वॉचमन या कामात हमखास ओढले जातात. बेळगावातल्या एका मामांनी तर ढकलण्याचं काम स्वतःकडे घेतलं आणि "हं, लाव आता" असा हुकूम सोडत राहिले.

बेळगावहून परतताना हायवे सोडून मी चंदगडवरून आंबोलीला वळते. या बैठकीचा खरा कस उतारावर लागतो. आंबोलीचा घाट सावंतवाडीकडे उतरताना गाडीचं नाक खाली, ब्रेकमुळे वजन पुढे, आणि सगळं शरीर मनगटांवर कोसळायला बघतं. मांड्यांनी टाकी आवळायची, मागचा ब्रेक हलका धरायचा, इंजिनलाही दुसऱ्या गिअरमध्ये रोखून धरायला लावायचं, आणि नजर वळणाच्या शेवटी ठेवायची. नजर दरीत गेली की गाडीही तिकडे निघते. पावसाळ्यात धुकं, शेवाळलेली कड, धबधब्यापाशी रस्त्यावरच सेल्फी काढणारी कुटुंबं आणि वडापाववर टपलेली माकडं, हे वेगळंच. सावंतवाडीत पोहोचेपर्यंत मांड्या थरथरत असतात.

पण त्याच घाटाने वर जाणं ही निराळी गोष्ट. चढाला वजन आपसूक मागे जातं, हात रिकामे होतात, आणि ही गाडी ज्यासाठी बनली ते ती करायला लागते. म्हणून सावंतवाडीत राहून दुसऱ्या दिवशी पर्यटकांच्या गाड्या निघायच्या आत, उजाडताच मी परत आंबोली चढते, आजऱ्यावरून कोल्हापूर गाठते. घरी जायला ही वाट लांबची पडते, आणि माहेरी कोणी विचारलं की मी हायवेला काम चालू होतं असं सांगते.