बाईंची इस्त्री

नगरहून कोल्हारला मामाकडे जायचं असलं की मी राहात्याचं तिकीट काढायचो. नगर-मनमाड रस्त्यावर आधी राहुरी लागते, मग कोल्हार, मग बाभळेश्वर आणि त्याच्याही पुढे राहाता. कोल्हारचा 'क' माझ्या तोंडातून निघायचा नाही. बाभळेश्वरचा 'ब'ही नाही. 'र' मात्र बहुतेक वेळा यायचा. म्हणून जास्तीचे पैसे भरून राहात्याचं तिकीट घ्यायचं आणि कोल्हारला गुपचूप उतरायचं. तेवढे पैसे मी आधीपासून खाऊतून वाचवून ठेवायचो. घरात हे कितीतरी वर्षं कुणाला ठाऊक नव्हतं.

मी अडखळत बोलतो. लहानपणी बोलायचो, आजही बोलतो. ज्यांना हे नाही त्यांना सांगणं कठीण आहे, पण सांगून पाहतो. शब्द डोक्यात तयार असतो. अर्थ माहीत असतो, उच्चार माहीत असतो. आणि ओठ मिटतात ते उघडतच नाहीत. गळ्यात कुणीतरी अडसर घातल्यासारखं होतं. पण त्याहून वाईट असतो तो समोरच्याचा चेहरा. आधी बुचकळा, मग कीव, मग घाई. शेवटी तो माझा शब्द आपणच उच्चारून टाकतो आणि मोकळा होतो. मोठ्या माणसांत शंभरातल्या साधारण एकाला हे असतं आणि बायकांपेक्षा पुरुषांत जास्त असतं, हे मला फार उशिरा कळलं. तोवर मला वाटायचं, जगात हा असा मी एकटाच.

आम्ही नेवासे तालुक्यातले. 72च्या दुष्काळात विहीर आटली, जनावरं विकली, आणि वडील आम्हाला घेऊन नगरला आले. मी तेव्हा नऊ वर्षांचा होतो. नव्या शाळेत हजेरीला 'हजर' म्हणायचं असायचं. माझा 'ह' नुसती वाफ होऊन बाहेर पडायचा. तिथल्या एका गुरुजींनी माझी नक्कल केली, वर्ग हसला, आणि दुसऱ्या दिवसापासून मी माझं नाव आलं की गप्प बसायला लागलो. त्या वर्षीच्या हजेरीपुस्तकात मी कितीतरी दिवस गैरहजर आहे. त्या प्रत्येक दिवशी मी तिसऱ्या बाकावर बसलेलो होतो.

आमचं घराणं ख्रिस्ती झालं ते पणजोबांच्या वेळेला, संवत छप्पनच्या जुन्या दुष्काळात. 'भाकरीसाठी गेले' असं आमच्याबद्दल म्हणतात, आमच्या तोंडावरही म्हणतात. भाकरीसाठी गेले असतील. उपाशी माणसाने भाकरी घेतली यात लाज कसली? पण दुष्काळ सरला, पाऊस पडला, पुढची शंभर वर्षं गेली, आणि तरी ते राहिले. ज्या माणसाला गावच्या पाणवठ्याला हात लावू देत नव्हते, त्याला रविवारी सगळ्यांच्या बरोबरीने बसायला जागा मिळाली, त्याच्या मुलीच्या हातात पाटी आली. राहिले ते त्यासाठी. हे म्हणणारं मला गावात कुणी भेटलं नाही, म्हणून मी म्हणतो.

नगर हे मराठी ख्रिस्ती माणसांचं जुनं ठाणं. अमेरिकन मराठी मिशन तिथे 1831 साली आलं, 'ज्ञानोदय' 1842 साली तिथेच सुरू झाला, आणि रेव्हरंड ना. वा. टिळक आणि लक्ष्मीबाई याच गावात राहिले-वावरले. यातलं मला तेव्हा काहीही माहीत नव्हतं. मला माहीत होतं ते एवढंच, की रविवारी आई आम्हाला धुतलेले कपडे घालून उपासनेला नेते, आणि तिथे कुणी माझी हजेरी घेत नाही.

आणि तिथे एका रविवारी ते घडलं. सगळी मंडळी उभी राहून प्रभूची प्रार्थना म्हणत होती. मीही ओठ हलवत होतो, नेहमीसारखे, आवाज न काढता. कसा कोण जाणे, त्या दिवशी आवाज काढला. आणि तो निघाला. 'प' निघाला, 'क' निघाला, 'ब' निघाला. दोनशे माणसांच्या आवाजात माझा आवाज पहिल्यापासून शेवटपर्यंत न तुटता चालला होता, आणि तो मला ऐकू येत होता. 'आमेन' झाल्यावर सगळे बसले. मी उभाच राहिलो. आईने हात धरून खाली बसवलं.

चार जणांबरोबर एका लयीत बोललं की अडखळणाऱ्याची जीभ सुटते, हे वाचा-उपचार करणारे नेहमीच पाहतात. गातानाही तसंच होतं. म्हणजे त्यात चमत्कार नाही, असं कुणी म्हणेल. म्हणू दे. मला दुसरी एकही जागा माहीत नव्हती जिथे नऊ वर्षांच्या पोराला, साठीच्या म्हाताऱ्याला, डॉक्टरला आणि झाडूवाल्याला दर आठवड्याला एकत्र, एका आवाजात बोलायला लावतात. ती जागा होती म्हणून मला माझा आवाज सापडला.

आईने मग मला बाईंकडे नेलं. बाई तिच्या माहेरच्या, कोल्हारच्या. तरुणपणी त्या बायबलबाई होत्या, खेडोपाडी फिरून बायांना वाचायला शिकवायच्या. आता थकल्या होत्या, चर्चच्या मागच्या दोन खोल्यांत एकट्या राहायच्या आणि शाब्बाथ शाळा चालवायच्या. प्रभुभोजनाच्या मेजावरचं पांढरं कापडही त्याच धुवायच्या, खळ करायच्या, आणि शनिवारी दुपारी कोळशाच्या इस्त्रीने कडक करायच्या.

ती इस्त्री मला अजून दिसते. पितळेची, जड, लाकडी मुठीची, पुढे कोंबडा असलेली. तो कोंबडा फिरवला की झाकण उघडायचं आणि आत निखारे दिसायचे. बाई कापडावर हाताने पाणी शिंपडायच्या, इस्त्री फिरवायच्या, वाफेचा आणि खळीचा वास खोलीभर पसरायचा. मी समोर जमिनीवर बसून आठवडाभरात काय झालं ते सांगायचो. शब्द अडला की बाई इस्त्री उचलायच्या आणि बाजूच्या तिवईवर ठेवायच्या, कापड करपू नये म्हणून. मूठ सोडायच्या नाहीत. माझ्याकडे टक लावून बघायच्या नाहीत, दुसरीकडे तोंडही फिरवायच्या नाहीत. 'सावकाश बोल' म्हणायच्या नाहीत, 'श्वास घे' म्हणायच्या नाहीत, आणि माझा शब्द त्यांनी कधी, एकदाही, पुरा केला नाही. शब्द सुटला, वाक्य संपलं, की इस्त्री परत कापडावर यायची.

त्या इस्त्रीच्या पुढे बसून मी मोशेची गोष्ट ऐकली. मोशे देवाला म्हणाला, मी जड जिभेचा, मला फारोपुढे पाठवू नका. बाई म्हणाल्या, "मग देवानं काय केलं, सांग."

मी म्हणालो, जीभ ब-ब-बरी केली.

"नाही रे. तिथंच तर सगळे चुकतात. जीभ होती तशीच ठेवली. अहरोनाला बरोबर दिलं. सोबत दिली आणि म्हणाला, आता जा."

आमच्या चर्चचे पेटीमास्तर सुताराचं काम करायचे. बोटांवर रंध्याचे घट्टे, पण तीच बोटं पेटीवर फुलासारखी पडायची. त्यांनी मला गायनमंडळात घेतलं. आमच्या 'उपासना संगीत' या गीतसंग्रहात टिळकांची कितीतरी गीतं आहेत. अभंगाच्या, भजनाच्या वळणाची, पेटी-तबला-झांजेवर चालणारी. मास्तर म्हणायचे, साहेबांच्या सुरात आपलं तोंड आखडतं, टिळकांनी ते मोकळं केलं. ते हे मंडळीबद्दल बोलत. मला ते माझ्याबद्दल वाटायचं. नाताळच्या फेरीत आम्ही रात्रभर कंदील घेऊन घरोघर गात हिंडायचो, आणि त्या एका रात्री मी नगरमधल्या कुठल्याही पोरासारखा पोरगा असायचो.

पण गाणं हा आडोसाही होता. बाईंनी ते ओळखलं होतं.

मी पंधरा वर्षांचा असताना त्यांनी वाचनाच्या यादीत माझं नाव घातलं. मला न विचारता. लूककृत शुभवर्तमान, अध्याय 4 : येशू नासरेथच्या सभास्थानात उभा राहतो, त्याच्या हाती यशयाची गुंडाळी देतात, आणि तो वाचतो. सुटका, मोकळीक, दीनांना सुवार्ता, सगळं त्यात आहे. मी बाईंकडे गेलो आणि म्हणालो, मला जमणार नाही. त्या म्हणाल्या, "न जमता वाच."

त्या रविवारी मी वाचनाच्या मेजापाशी गेलो. सुरुवातीच्या ओळी कशाबशा गेल्या. मग यशयाचा उतारा आला. त्याचं पहिलंच अक्षर 'प'. ओठ मिटले.

किती वेळ गेला मला माहीत नाही. पंख्याचा आवाज ऐकू येत होता. वर वाशावर पारवा घुमत होता. बायकांच्या बाजूला एक तान्हं रडलं, आणि त्याच्या आईने त्याला पदराखाली घेतलं. मी वर पाहिलं. शाळेत जे चेहरे मला दिसायचे, ते शोधत होतो. नव्हते. कुणी खोकलं नाही, कुणी मान खाली घातली नाही. पाळकसाहेब आपल्या जागी बसून होते, मांडीवर उघडं बायबल. वडील दाराजवळ उभे होते. दोनशे माणसं नुसती थांबली होती, जसं पाऊस ओसरेपर्यंत आडोशाला थांबतात, कुणावर न चिडता.

'प' सुटला. पुढे आणखी चार ठिकाणी अडलो. तेवढ्या वेळा ते थांबले. मी उतारा संपवून जागेवर आलो, पाळकसाहेब उठले आणि त्यांनी उपदेश सुरू केला. माझा उल्लेखही केला नाही. उपासना संपल्यावर दारात सगळे 'जय ख्रिस्त' म्हणाले, दर रविवारी म्हणत तसंच. पाठ थोपटली नाही, शाबासकी दिली नाही. दिली असती तर मी परत कधी त्या मेजापाशी गेलो नसतो.

पुष्कळ वर्षांनी मी मास्तरांना विचारलं, त्या दिवशी तुमचा हात पेटीवर होता ना? एक सूर दिला असता तर मी सुटलो असतो. मास्तर म्हणाले, "होता की. भाता दाबायचा मोह झाला. पण मग तू गाऊन सुटला असतास. वाचन तुझं राहिलं नसतं."

पुढे मी जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर झालो. अडखळणाऱ्याने मास्तर व्हावं हे नातेवाइकांना पटलं नाही. मला दुसरं काही व्हायचंच नव्हतं. सव्वीस वर्षं नोकरी केली, सात गावं झाली. पहिल्या दिवशी प्रत्येक वर्गाला सांगायचो, मी असा बोलतो, तुम्हाला थांबावं लागेल. पोरं थांबायची. मोठ्यांपेक्षा चांगली थांबायची. जवळपास प्रत्येक गावात एखादं पोर असं निघायचं, जे अडखळत तरी होतं किंवा भीतीने गप्प तरी. त्याचं उत्तर येईपर्यंत मी खडू खाली ठेवायचो आणि हात टेबलावर. हे कुठून आलं ते त्या पोरांना कळण्याचं कारण नव्हतं.

बाई शेवटची दोन वर्षं कोल्हारला भाच्याकडे होत्या. मी महिन्यातून एकदा जायचो. त्यांना नीट ऐकू येईना, मग मी तीच वाक्यं दोनदा अडखळत बोलायचो आणि त्या दोनदा थांबायच्या. एकदा मी त्यांना लहानपणीची राहात्याच्या तिकिटाची गोष्ट सांगितली. मला वाटलं त्यांना वाईट वाटेल. त्यांनी हिशोब मांडला, जाऊन-येऊन किती पैसे जास्त गेले असतील याचा, आणि मग म्हणाल्या, "अन् मला सांगितलं नाहीस होय रे, इतकी वर्षं."

मी म्हटलं नाही, की तेव्हाही मी राहात्याचंच तिकीट काढत होतो. पन्नाशीला आलेला माणूस, मास्तर, चर्चचा पंच. वर्गात अडखळत बोलायचो, मंडळीपुढे अडखळत वाचायचो, पण एसटीत अजून 'र'च्या आडून बसायचो. तिथे थांबणारं कुणी नाही, असं मी धरून चाललो होतो.

त्या गेल्याचा निरोप भाच्याने एका मंगळवारी सकाळी दिला. दफन चार वाजता. मला बायबलमधला उतारा वाचायला सांगितला होता. बायबल पिशवीत घातलं, माळीवाड्याच्या स्टँडवर आलो, मनमाडकडे जाणारी गाडी मिळाली. गर्दी होती. विळद घाटापाशी कंडक्टर माझ्यापर्यंत आला आणि म्हणाला, "बोला."

ओठ आपसूक 'राहाता'साठी तयार झाले होते. मी ते मिटले आणि कोल्हारचा 'क' धरला.

तो अडला. व्हायचा तसाच. मागून कुणीतरी पैसे पुढे केले, कंडक्टरने हाताने त्याला थांब म्हटलं. त्याची बोटं तिकिटाच्या मशीनवर होती. गाडीने एक वळण घेतलं, आम्ही दोघं दांड्याला धरून एका बाजूला कललो आणि परत सरळ झालो. तो माझ्याकडे बघत होता.

"क-क-कोल्हार," मी म्हणालो. "एक."

त्याने बटण दाबलं, तिकीट फाडून माझ्या हातात दिलं, आणि पुढच्या माणसाकडे वळला.