बऱ्हाणपूरची कुंडी आणि आकाशातील दोर

भुसावळहून खांडव्याकडे जाणाऱ्या गाडीत बसले म्हणजे सावदा, रावेर ही केळीच्या बागांची गावे मागे पडतात आणि महाराष्ट्राची सीमा केव्हा ओलांडली हे कळण्यापूर्वीच बऱ्हाणपूर येते. तापीच्या तीरावरील या पुरातन नगरीत शहाजहानची बेगम मुमताज महल 1631 साली निवर्तली. ताजमहालात चिरविश्रांती मिळण्यापूर्वी तिचा देह काही काळ नदीपलीकडील जैनाबादेच्या बागेत विसावला होता.

परंतु या खेपेस माझे चित्त इतिहासात रमले नाही. सोबत आमच्या गावचा एक तरुण होता. निघताना त्याची आई हळूच म्हणाली होती, “फादर, त्याला जरा समजवा.” खांडवा जिल्ह्यात हनुवंतिया येथे, इंदिरा सागर जलाशयाच्या काठी, 2016 साली जलमहोत्सव सुरू झाला. तेथे जाऊन पॅरासेलिंग करावयाचे, असा या मुलाचा निश्चय होता. त्याला ‘नको’ म्हणणे सोपे होते. पण नुसत्या नकाराने तरुण थांबत नाही, तो आपल्याला सांगेनासा मात्र होतो.

दुसऱ्या दिवशी आम्ही कुंडी भंडारा पाहावयास गेलो. सातपुड्याच्या पायथ्याचे पाणी भुयारातून, केवळ उताराच्या बळावर, शहरास पुरविण्याची ही योजना अब्दुर्रहीम खानखानान यांच्या काळी, 1615 च्या सुमारास झाली. भुयारावर विहिरींसारख्या शंभराहून अधिक कुंड्या ओळीने खोदलेल्या आहेत. पूर्वी एकदा मी त्यांपैकी एकीत पाळण्यातून सुमारे 80 फूट खाली उतरलो होतो.

कठड्याशी उभा राहून मी त्याला म्हणालो, “बाळ, खाली जाताना माझ्या हाती काहीच नव्हते. सारा भार वरच्या तारेवर आणि ती सांभाळणाऱ्या माणसावर होता. तुझा खेळ म्हणजे हीच कुंडी उलटी केलेली!”

आणि ते खरेच आहे. पॅरासेलिंगमध्ये नाव अथवा जीप पुढे धावते, दोर ताणला जातो, छत्रीत हवा भरते आणि माणूस वर उचलला जातो. वेग कमी केला की छत्री सावकाश खाली येते. वारा अचानक वाढला तर मात्र दोरावरील ताण एकदम वाढतो. जुना, उन्हाने व खाऱ्या पाण्याने झिजलेला किंवा गाठ मारलेला दोर तो सोसत नाही. मे 2019 मध्ये रायगड जिल्ह्यातील मुरूड येथे दोर तुटून 15 वर्षांच्या एका मुलाचा प्राण गेला. नोव्हेंबर 2021 मध्ये दीव येथे दोर तुटून एक जोडपे समुद्रात पडले; अंगात जीवरक्षक जाकिटे होती म्हणून दोघेही वाचले.

तेव्हा नवशिक्याचे शहाणपण हवेत कामास येत नाही. ते जमिनीवरच वापरावे लागते. परवाना दाखवा म्हणावे. दोर केव्हा बदलला ते विचारावे. मांड्यांचे व छातीचे पट्टे स्वतः ओढून पाहावेत, जाकीट घट्ट बांधावे. नावेत चालकाखेरीज वर लक्ष ठेवणारा दुसरा माणूस हवा, आणि ‘खाली घ्या’ ही हाताची खूण आधी ठरलेली हवी. आभाळ भरून आले, वारा झोंबू लागला, की उडू नये. हृदयविकार असलेल्यांनी व गर्भवती भगिनींनी या वाटेस जाऊच नये. पैसे भरले, पट्टे बांधून झाले, तरीही ‘नको’ म्हणण्यात कसली लाज?

मुलगा हनुवंतियास गेला आणि तिसऱ्या दिवशी न उडताच परतला. दुपारी वारा सुटला तेव्हा रांगेत माणसे उभी असतानाही चालकाने खेळ बंद केला होता.

“हिरमोड झाला ना?” मी विचारले.

“झाला, फादर. पण पुढल्या वर्षी गेलो, तर त्याच माणसाकडे जाईन.”

आईबापहो, आपल्या मुलाला एवढी पारख आली, तर त्याला आकाशाकडे पाहू देण्यास भिण्याचे कारण नाही.