वाजा उना!

खान्देशात लग्न आधी ऐकू येतं, मग दिसतं. पारोळ्याकडचं असो की शिंदखेड्याकडचं, नवरदेवाची शेवंती, म्हणजे मिरवणूक, निघाली की तिचा वाजा शेतांवरून तिच्या कितीतरी पुढे पोचलेला असतो. जमीन सपाट, झाडी विरळ, आवाजाला अडवायला काही नाही. झुळुकीबरोबर आधी ढोलाचा ठोका येतो, मग तुटक तुटक क्लॅरोनेट, आणि गल्लीतलं एखादं पोर, ज्याला कुणी काही विचारलेलं नसतं, ओरडत सुटतं, "वाजा उना! वाजा उना!" म्हणजे वाजा आला. भांडी घासणारी बाई राखेचे हात तसेच घेऊन ओट्यावर येते. कुणाचं लग्न, मुलगी कुठली, हुंड्या-मानपानावरून रुसलं कोण, या चौकश्या नंतरच्या.

मैफलीचं गाणं जवळच्यांसाठी असतं. जळगावात बालगंधर्वांच्या नावाने संगीत महोत्सव भरतो, आणि ते रास्तच आहे. नारायण राजहंस, म्हणजे पुढचे बालगंधर्व, लहानपणी याच गावात मेहबूबखाँकडे गाणं शिकले. त्या गाण्याला सतरंजी लागते, शांतता लागते, पुढच्या रांगेत मान डोलावणारी चार माणसं लागतात. वाज्याला यातलं काहीच लागत नाही. तो ज्यांना पत्रिका गेली त्यांच्यासाठी वाजतो, आणि ज्यांना गेली नाही त्यांच्यासाठी तर जास्तच. शेतीपंपाची वीज रात्रीची असली की गव्हाला पाणी भरायला गेलेला माणूस बांधावर एकटाच असतो. थंडीत कानाला मफलर, हातात बॅटरी, पायाखाली गार चिखल. अशा वेळी तिकडे दूर कुठल्या तरी गावात बँड वाजत असतो. गाण्याची ओळ अर्धी येते, अर्धी वारा घेऊन जातो. राहिलेली अर्धी तो मनाशी पुरी करतो. मला विचाराल तर त्या लग्नाचा खरा पाहुणा तोच.

लांबच्यांना ऐकवायचा हाच उद्योग एका अमेरिकन माणसाने वाफेवर करून पाहिला. मॅसॅच्युसेट्समधल्या वूस्टर गावच्या जोशुआ स्टॉडर्डने १८५५ साली एका वाद्याचं पेटंट घेतलं. लहानमोठ्या शिट्ट्या ओळीने लावलेल्या, खाली बॉयलर, आणि पुढे त्यात आलेल्या पेटीसारख्या पट्ट्या. पट्टी दाबली की त्या शिट्टीत वाफ घुसायची आणि ती किंचाळायची. नाव कॅलिओपी. स्टॉडर्डच्या मनात होतं की चर्चच्या घंटेच्या जागी हे वाजावं. चर्चवाल्यांना ते काही मानवलं नाही. सर्कशीवाल्यांनी आणि मिसिसिपीवरच्या वाफेच्या बोटींनी मात्र ते उचलून धरलं. सर्कशीच्या मिरवणुकीत कॅलिओपीची गाडी सगळ्यांच्या मागे असे, म्हणजे रस्त्यावरचं पब्लिक तिच्या मागोमाग थेट तंबूपर्यंत. नदीकाठच्या गावांना बोट दिसायच्या आधी तिची कॅलिओपी ऐकू येई. न्यू ऑर्लिन्सच्या नॅचेझ या बोटीवर ३२ शिट्ट्यांची कॅलिओपी अजून वाजते.

या वाद्याला हळू वाजणं ठाऊक नाही. पट्टी दाबली की पूर्ण आवाज, सोडली की गप्प. सुराचं म्हणाल तर वाफेचं तापमान हललं की सूर हलतो, त्यामुळे कॅलिओपी जन्मभर थोडी बेसूरच. वाफेने पट्ट्या तापायच्या, वाजवणाऱ्याची बोटं भाजायची, शिवाय कान बधिर व्हायचे ते वेगळेच. इतकं गैरसोयीचं वाद्य लोकांनी दीडशेहून जास्त वर्षं का सांभाळलं, असा प्रश्न एखाद्या पुणेकराला पडेल. मे महिन्यात भर दुपारी चोपड्याच्या गल्लीत बँडमागे चाललेल्या माणसाला पडणार नाही.

वाफेची कमतरता आमच्याकडेही नव्हती. भुसावळला इंजिनांचं मोठं शेड होतं. चाळीसगाव-धुळे गाडी १९०० साली सुरू झाली. पाचोऱ्याहून जामनेरला अडीच फुटी रुळांवरून ५६ किलोमीटर जाणारी पीजे होती, तिच्या शिट्टीवर म्हातारी माणसं घड्याळ लावत. पण या शिट्ट्या एकेकट्याच राहिल्या, कुणी त्या ओळीत लावून त्यांच्यावर गाणं बसवलं नाही. बरंच झालं म्हणा. पीजेची तेवढी वाफ गाण्यात गेली असती तर जामनेर यायला रात्र झाली असती.

आमची कॅलिओपी म्हणजे बँड. पलटणीतून आला आणि लग्नात रमला. पितळी वाद्यं बहुतेक मेरठची. तिथल्या जली कोठी भागात हा धंदा आहे आणि नादिर अली अँड कंपनी १८८५ पासून त्यात आहे. साहेबाच्या परेडसाठी घडवलेलं ट्रम्पेट अमळनेरच्या लग्नात नागीण वाजवतं, यात मला मोठा न्याय दिसतो. खान्देशात बँडला वर्षभर काम असतं असं नाही. तुळशीचं लग्न लागलं की लग्नसराई सुरू, आषाढ लागला की बंद. मधे श्रावणात कानबाई ही देवी येते. नागपंचमीनंतरच्या रविवारी ती बसते, रात्रभर गाणी होतात आणि सोमवारी सकाळी वाजतगाजत नदीवर जाते. त्या सकाळी डोक्यावर कानबाई घेतलेल्या बाईच्या पुढे जो बँड चालतो, त्याच्या वाजवण्यात लग्नातला चावटपणा नसतो. माणसं तीच, डगले तेच, पण क्लॅरोनेट जरा खालच्या अंगाने बोलतं.

जळगावला कार्तिकी एकादशीला श्रीरामाचा रथ निघतो. अप्पा महाराजांनी १८७२ साली सुरू केलेली ही परंपरा. लाकडी रथ, दोरखंड ओढणारी माणसं, आणि चाकापाशी जीव मुठीत धरून बसलेले मोगरीवाले. मोगरी म्हणजे चाकाखाली सरकवायचा लाकडी ठोकळा. रथ थांबतो तो त्याच्यावर आणि वळतो तोही त्याच्यावर. मोगरी लागली की रथ जागच्या जागी उभा राहतो आणि पुढची वाजंत्री पेचात पडते. गाणं संपवावं तर रथ हलायचा, न संपवावं तर छाती फुटायची. मग तेच धृपद पुन्हा, पुन्हा, ढोल जरा चढवून, ट्रम्पेट जरा लांबवून. लोकांना वाटतं रंग भरला. वाजवणाऱ्याचा एक डोळा मोगरीवर असतो.

क्लॅरोनेटवाला माणूस जवळून पाहावा. गाणं सुरू व्हायच्या आधी तो पानपट्टीकडे बघत तोंडात काहीतरी घोळवत असतो. तंबाखू नव्हे, ती वाद्याची पत्ती असते. बोरूची पातळ पट्टी, उन्हाने वाळली की बोलत नाही, म्हणून लाळेत भिजवायची. एक लावलेली, एक टोपीच्या घडीत जादा. मे महिन्यातल्या त्रेचाळीस-पंचेचाळीस डिग्रीत ती भिजवावी तितकी वाळते. पितळेची वाद्यं तर हाताला चटके देतात. बरेच जण पकडीच्या जागी फडकं गुंडाळतात. आणि सूर चढतो. नळीतली हवा तापली की आवाज तिच्यातून जलद जातो आणि स्वर वर सरकतो, सरळ पदार्थविज्ञान आहे. थंडीतल्या पहाटे आणि मे महिन्याच्या दुपारी एकच ट्रम्पेट कानाला वेगळं लागतं. धरणगाव बाजूच्या एका म्हाताऱ्या बँडमास्तरांना मी विचारलं, "नाना, उन्हात सूर खरंच चढतो का हो?"

"चढतो ना भो," ते म्हणाले. "दुपारी वर सरकतो, रात्री खाली येतो. आपन त्याच्या मागं मागं जायचं. ट्रम्पेटची नळी जराशी बाहेर ओढली का झालं. पन कॅसिओवाला येडा काय ऐकतो? त्याचं मशीन उन्हातबी तिथंच, थंडीतबी तिथंच. म्हनून तो आनि आम्ही दुपारी भांडतो."

हे भांडण म्हणजेच खान्देशी बँडची चव. बारा माणसं वेगवेगळ्या प्रमाणात तापलेली, एक कॅसिओ कीबोर्डचं मशीन अजिबात न तापलेलं, आणि सगळे मिळून एकच गाणं म्हणताहेत. शुद्ध कानाच्या माणसाने तिथे उभं राहू नये. पण लांबून ऐकलं की हे सगळे उणे-अधिक सूर हवेत एकमेकांत मिसळतात आणि त्यातून एक जाड, थरथरता आवाज तयार होतो. स्टुडिओत तो काढता येत नाही.

पण वाऱ्याच्या या सगळ्या वाद्यांची आजी साक्री तालुक्यात आहे. धुळ्याहून पश्चिमेला निघालं की पांझरा सोबत असते. पिंपळनेर मागे पडलं की डोंगर जवळ येतात, आणि कुडाशी-वार्सा बाजूला कोकणा आणि भिल्ल वस्त्या लागतात. तिथली पावरी. वाळवलेला पोकळ दुधी भोपळा, त्यात शेजारी शेजारी बसवलेल्या बांबूच्या दोन नळ्या, नळ्यांच्या आत बांबूच्याच बारीक जिभा, आणि खालच्या टोकाला आवाज बाहेर फेकायला शिंग. सांधे मधमाशीच्या मेणाने बुजवलेले. पालघरकडचा तारपा हिचा भाऊ, त्याला खाली ताडाच्या पानांचा कर्णा असतो. भोपळ्यात श्वास साठतो, बॉयलरमध्ये वाफ साठावी तसा, आणि तिथून तो जिभांना पुरवला जातो. स्टॉडर्डला भट्टी लागली, कोळसा लागला. इथे एका माणसाच्या छातीवर भागतं.

आणि ती छाती थांबत नाही. पावरी वाजवणारा गालात हवा धरतो, तोंडाने ती भोपळ्यात सोडत असतानाच नाकाने नवा श्वास घेतो. सूर तुटतच नाही. मार्गशीर्षात डोंगऱ्यादेवाचा उत्सव असतो. व्रत धरलेली माणसं, म्हणजे माऊल्या, गावोगाव नाचत फिरतात, घरोघरी शिधा मिळतो, आणि पौर्णिमेच्या रात्री सगळे डोंगरावरच्या गडाकडे जातात. या सगळ्या दिवसांत पावरी पुढे असते. नाचणाऱ्यांनी हात गुंफून गोल धरलेला, मधे पावरीवाला, भोपळा छातीपाशी, शिंग जमिनीकडे, आणि तो स्वतःही पावलं टाकत, वळत, वाकत वाजवतो. जवळून पाहिलं तर त्याचे गाल फुगलेले, मानेची शीर ताठ आणि डोळे मात्र अगदी निवांत. जणू वाजवतंय दुसरंच कुणीतरी. पावरीचा आवाज गोड नाही. तो घोगरा आहे, नाकातला आहे, त्याच्यात मधमाश्यांच्या पोळ्यासारखी गुणगुण आहे, आणि तो डोंगराला लागून परत येतो तेव्हा मूळ आवाजाहून मोठा वाटतो. दोन पावऱ्या कधी एका सुरात नसतात, कारण दोन पावऱ्यांच्या जिभा कधी सारख्या नसतात.

आता गंमत पाहा. गेल्या काही वर्षांत साक्री, नवापूर, नंदुरबारकडच्या बँडांनी हीच पावरी कॅसिओत घातली. पिकअप गाडीवर जनरेटर, चारी बाजूंना भोंगे, मधे पोरगा उभा, आणि त्याच्या बोटांखाली पावरीचा आवाज. लग्नात, हळदीला, कुठेही. पावरी लागली की म्हातारेसुद्धा हात गुंफतात. म्हणजे गाडी आली, पट्ट्या आल्या, कान फाडणारा वाऱ्याचा आवाज आला, मागे नाचत चाललेली गर्दी आली. सर्कशीच्या मिरवणुकीतली कॅलिओपी अटलांटिक आणि अरबी समुद्र ओलांडून आमच्याकडे आली म्हणावं, तर तिला इथे कुणी ओळखतही नाही. ती आमच्याच भोपळ्यातून निघाली आहे.

जुन्या मताची माणसं यावर नाराज असतात. मी नाही. भोपळ्यातून यंत्रात गेलेली पावरी नवापूर-साक्रीच्या पोरांच्या पायात तरी राहिली. तक्रार एवढीच की कॅसिओतली पावरी सगळीकडे एकच असते. तिला दम लागत नाही, मेण वितळत नाही, थंडीत ती अडखळत नाही. आणि डीजेबद्दल तर माझं मत अगदी सरळ आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री दहाला तो बंद व्हायला हवा, आणि माझं चाललं असतं तर संध्याकाळी सातलाच झाला असता. बँडवाल्याला दोन गाण्यांच्या मधे श्वास घ्यावा लागतो. त्या मधल्या शांततेत वरमाय आणि विहीणबाई एकमेकींशी दोन शब्द बोलू शकतात. डीजे त्यांना तेवढीही सवड देत नाही, आणि त्याची छातीतली धडधड दोन कोसांवर पाणी भरणाऱ्यापर्यंत गाणं म्हणून पोचत नाही, फक्त धडधड म्हणून पोचते.

म्हणून यंदा सराईत घरात लग्न असेल तर एवढं करा. बँडमास्तरांना आपल्या फर्माइशीआधी त्यांच्या आवडीचं एक गाणं पूर्ण वाजवू द्या, अर्ध्यावर पैसे ओवाळून तोडू नका. दुपारची शेवंती असेल तर त्यांना सावलीत उभं करा आणि पाण्याचा जार नवरदेवाच्या घोड्याइतकाच त्यांच्याही जवळ ठेवा. आणि मार्गशीर्षात पिंपळनेरच्या पुढे गेलात तर ध्यानात धरा, डोंगऱ्यादेव हा देवाचा उत्सव आहे, बघ्यांचा कार्यक्रम नव्हे. आधी विचारा, चपला काढा, बाजूला उभे राहा, शिधा द्या. पावरीवाल्याला गाणं सांगू नका. तो वाजवतो ते ऐका.