पावसातला शनिवार-रविवार : महाड ते पोलादपूर

आमच्या महाडला पाऊस एकदा बसला की आठ-आठ दिवस उठत नाही. कपडे वाळत नाहीत, पोरे घरात कोंडतात, टीव्हीवरून भांडणे लागतात. म्हणून गेल्या आषाढात आम्ही सहकुटुंब बाहेर पडायचे ठरवले. खर्च एसटीच्या तिकिटाचा. भाकरी आणि सुकटीची चटणी घरची.

मुलांचा हट्ट धबधब्याचा होता. आम्ही साफ नाही म्हटले, तेव्हा धाकटा रुसला. त्याला पाऊस म्हणजे मजा. पण २०२१ च्या जुलैत आमच्या चाळीत माळ्यापर्यंत पाणी चढले होते. त्याच पावसात तळीयेला दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे गेली. पोलादपूर तालुक्यात केवनाळे, सुतारवाडीतही तेच घडले. पावसाशी खेळावे, पण त्याची मर्जी ओळखून.

शनिवारी पाऊस उघडलेला पाहून गांधारपाले लेण्यांवर गेलो. महाडच्या अलीकडे, मुंबई-गोवा रस्त्याला लागूनच डोंगर आहे. पायऱ्यांवर शेवाळ होते. मुलांचे हात धरूनच चढलो. सुमारे तीस लेणी, आत बुद्धमूर्ती, आणि वरून हिरवेगार खोरे. लेण्यात बसून भाकरी खाल्ली. बाहेर पावसाचा पडदा, आत कोरडी जागा! आषाढी पौर्णिमेपासून भिक्खू वर्षावासासाठी एका जागी राहत, ते का, हे मुलांना सांगावे लागले नाही.

इथल्या ब्राह्मी शिलालेखात विष्णुपालित नावाच्या राजकुमाराचे दान नोंदले आहे. लेणे, चैत्यगृह, आठ खोल्या, आणि दोन्ही बाजूंना पाण्याची दोन टाकी. पाणी दान दिले, म्हणून ते दगडावर कोरून ठेवले.

उतरून चवदार तळ्यावर आलो. बाबासाहेबांच्या पुतळ्याला वंदन केले. २० मार्च १९२७ ला त्यांनी इथले पाणी ओंजळीने घेतले, हे मुलांना तोंडपाठ आहे. पण त्या दिवशी मुलगी म्हणाली, ‘‘पप्पा, इथे एवढा पाऊस पडतो, पूर येतो, तरी पाण्याला मनाई का?’’ आम्ही गप्प झालो. मग सांगितले, की नगरपालिकेने १९२४ सालीच तळे सर्वांना खुले केल्याचा ठराव केला होता. पण ठराव कागदावर राहिला. सत्याग्रहानंतरही कोर्टात भांडावे लागले आणि हायकोर्टाचा निकाल १९३७ साली लागला. पाण्याची टंचाई नव्हतीच बाळा, माणुसकीची होती. दोन हजार वर्षांपूर्वी टाकी दान देणारा डोंगर तळ्यापासून हाकेच्या अंतरावर आहे, हे तिने आपणहून ओळखले. धाकट्याचा रुसवा तेवढ्यात कुठे गेला कळले नाही.

रविवारी पोलादपूरजवळ बहिणीच्या वाडीवर गेलो. वाटेत सावित्रीचा पूल लागतो. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री जुना पूल पुरात वाहून गेला आणि दोन एसटी गाड्या गेल्या. नवा पूल २०१७ ला झाला. तिथे आली की गाडीतली मंडळी आजही क्षणभर बोलायची थांबतात.

वाडीत भाताची लावणी चालू होती. मुले गुडघाभर चिखलात उतरली. आमची रोपे वाकडी लागली, आत्याने हसत पुन्हा लावली. दुपारी टाकळ्याची भाजी, नाचणीची भाकरी, गरम भात. पाऊस वाढला तसे सगळे पडवीत बसून भेंड्या खेळलो. आईने आपल्या लहानपणीच्या पावसाच्या गोष्टी सांगितल्या. त्या आम्हीही पहिल्यांदाच ऐकल्या.

आपणही असे दोन दिवस काढावेत. निघण्यापूर्वी हवामानाचा इशारा पाहावा, ओढ्याला पाणी असेल तर ओलांडू नये, दरडीखाली थांबू नये, आणि अंधारापूर्वी परतीची एसटी धरावी. पाऊस बाहेर पडू देत नसेल, तर विहारात चारपाच कुटुंबे जमून ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ वाचावा. मोठ्याने वाचायचे काम मुलांकडे द्यावे.

परतताना धाकटा आमच्या मांडीवर झोपला. झोपण्यापूर्वी त्याने एवढेच विचारले, ‘‘पुढच्या रविवारी आत्याकडे आपली रोपे बघायला जायचे ना?’’