जिंकून झाल्यावर

विजयाचं वर्णन म्हटलं की आपल्या कानांत डफ घुमू लागतो, झीलकरी सूर धरतात, शाहिराचा आवाज चढतो. त्या कानांनी जॉन बार्बरचं ‘द ब्रूस’ वाचायला घ्यावं, तर लढाया भरपूर भेटतात. पण जिंकल्याचा क्षण आला की कवी आवाज खाली आणतो.

बार्बर हा अ‍ॅबरडीनचा आर्चडीकन, म्हणजे चर्चमधला वरिष्ठ अधिकारी. १३७५ च्या सुमारास त्यानं स्कॉटलंडचा राजा रॉबर्ट ब्रूस याची कथा लॅटिनमध्ये नव्हे, तर लोकांच्या स्कॉट्स भाषेत रचली. तेव्हा गादीवर ब्रूसचाच नातू होता आणि त्यानं पुढे कवीला निवृत्तिवेतनही दिलं. म्हणजे नगारे बडवायला सगळी सोय होती.

२३ जून १३१४. इंग्रजांविरुद्धच्या बॅनकबर्नच्या लढाईचा आदला दिवस. हेन्री द बोहुन हा इंग्रज सरदार भाला रोखून एकट्या ब्रूसवर चालून येतो. त्याचा वार हुकतो आणि ब्रूस कुऱ्हाडीच्या एका घावात त्याचं डोकं फोडतो. सैन्याला हुरूप येतो. सरदार मात्र राजावर रागावतात, एवढा जीव धोक्यात का घातलात म्हणून. राजा उत्तरच देत नाही. हळहळतो तो एवढ्यासाठीच, की कुऱ्हाडीचा दांडा मोडला!

जो सरस ठरला त्यानं ‘ग्री’ नेला, असं जुनी स्कॉट्स म्हणते. ग्री म्हणजे पहिला मान. तो कसा न्यावा याइतकाच तो दुसऱ्याला कसा नेऊ द्यावा, हेही बार्बर सांगतो. त्याच दिवशी ब्रूसचा सरदार रँडॉल्फ शत्रूच्या घोडेस्वारांनी वेढला जातो. दुसरा सरदार जेम्स डग्लस राजाची कशीबशी परवानगी काढून मदतीला धावतो. जवळ जाऊन बघतो, तर शत्रूची फळी फुटू लागलेली. तो आपली माणसं तिथंच थांबवतो. आता पुढे गेलो तर रँडॉल्फनं घाम गाळून मिळवलेल्या यशात आपण वाटेकरी होऊ, हे त्याला पटत नाही.

बार्बर मवाळ नाही. दुसऱ्या दिवशीच्या लढाईत माणसांनी आणि घोड्यांनी तिथला ओढा इतका भरला, की पाय न भिजवता पलीकडे जाता यावं, हेही तोच लिहितो. लुटीचा हिशेबही तो लपवत नाही. पण लढाई सरल्यावर त्याची नजर वळते ती ग्लॉस्टरच्या तरुण अर्लच्या प्रेताकडे. हा शत्रू, पण राजाच्या नात्यातला. राजा त्याला चर्चमध्ये नेऊन ठेवतो आणि रात्रभर प्रेताजवळ जागरण होतं. मार्माड्यूक ट्वेंग हा इंग्रज सरदार रात्र झुडपांत काढून सकाळी स्वतःच राजाला शरण येतो. राजा त्याचा पाहुणचार करतो आणि खंडणी न घेता, वर भेटी देऊन त्याला घरी पाठवतो.

शत्रूला मारणारे वीर प्रत्येक भाषेतल्या वीरकाव्यात असतात. मित्राचं यश अख्खं मित्रापाशी राहू देणारा डग्लस मात्र विरळा. बार्बर मोठा कवी ठरतो तो त्याच्या बॅनकबर्नमुळे नव्हे, या डग्लसमुळे.