शनिवारवाड्याचे जोते

कामशेतच्या फलाटावरचे धुके अजून पुरते विरले नव्हते. पवन मावळातील एका वस्तीतून आबा आणि त्यांची अकरा वर्षांची नात पहाटेच निघून तेथे येऊन पोहोचले होते. नातीला राजवाडा पाहावयाचा होता. झुंबरे, आरसेमहाल, थुईथुई नाचणारी कारंजी असा एक वाडा तिने मनाशी केव्हाच बांधून ठेवला होता.

गाडी सुटली. वडगाव आले तेव्हा १७७९ साली इंग्रजांची फौज येथेच मराठ्यांना शरण आली, हे आबांनी सांगितले. चिंचवडला ते म्हणाले, “वाड्याचा दगड इथल्या खाणींतला. सागवान जुन्नरच्या रानातले, आणि चुना जेजुरीचा.” नातीचा वाडा आणखी एक मजला उंच झाला.

शिवाजीनगरला उतरून, नवा पूल ओलांडून दोघे दिल्ली दरवाज्यापुढे उभे राहिले. हत्तींनी धडक देऊ नये म्हणून दारावर ठोकलेले ते अणकुचीदार खिळे! वर नगारखाना! नात हरखून गेली आणि आबांचा हात सोडून आत धावली.

आत हिरवळ होती. झाडे होती, फुलांचे ताटवे होते, आणि त्यांच्यामधून गुडघाभर, कंबरभर उंचीची दगडी जोती पसरली होती. तिने चहूकडे पाहिले.

“आबा, वाडा कुठे आहे?”

थोरल्या बाजीरावांनी १७३० साली पाया घातलेला आणि १७३२ साली वास्तुशांत झालेला तो वाडा २७ फेब्रुवारी १८२८ रोजी पेटला. आग कित्येक दिवस धुमसत होती. लाकूड जळाले, दगड राहिला. हे ऐकूनही नातीचा रुसवा जाईना. इतक्या दूर येऊन नुसते दगड पाहावे लागले, तर कोणाही मुलाला वाईट वाटणारच.

आबा मात्र एका जोत्यापाशी वाकले. “ही पायरी झिजली आहे, बघ. म्हणजे राबता इथून होता. हा खळगा खांबाच्या तळखड्याचा. इकडे चौक, ही ओसरी.” सोळा पाकळ्यांच्या हजारी कारंज्यापाशी ते थांबले. बाल सवाई माधवरावांच्या मनोरंजनासाठी ते बांधले होते म्हणतात. कात्रजच्या तलावाचे पाणी बंदिस्त नळाने शहरात आणि वाड्यापर्यंत खेळवलेले होते. नात आता बोट लावून स्वतःच उंबरठे शोधू लागली होती.

“तुम्हांला हे सगळे कसे ओळखू येते?” तिने विचारले.

आबा क्षणभर बोलले नाहीत. १९७२ च्या सुमारास पवना धरणाचे पाणी चढले, तेव्हा ते तिच्याहून थोडेच मोठे होते. वडिलांनी घराच्या तुळया आणि दारे उतरवून बैलगाडीत घातली. जोते तेवढे नेता आले नाही. एखाद्या वर्षी वैशाखात पाणी फार खाली गेले, की ते चिखलातून वर येते. आबा तेथे जाऊन चूल कोठे होती, आईचे जाते कोठे होते, ते पाहून येत. घरी हे त्यांनी कोणाला सांगितले नव्हते.

“आपले जोते केवढे होते?” नातीने हलकेच विचारले.

आबा हिरवळीवर पावले मोजू लागले. बारा पावले लांब, सात रुंद. कोपऱ्यावर उभे राहून ते म्हणाले, “हा गोठा. इथे तुझी पणजी दळायला बसायची.” इतक्यात पहारेकऱ्याची शिट्टी वाजली, “अहो बाबा, गवतावरून खाली या!” आबा ओशाळून बाजूला झाले. नात मात्र, जेथे जाते होते, तेथेच उभी राहिली.

परतीच्या गाडीत पिंपरीला एक प्रवासी नळावर बाटली भरताना दिसला. या शहराला पवनेचेच पाणी येते, हे तिला ठाऊक होते. ती बराच वेळ त्या नळाकडे पाहत राहिली. मग आबांच्या खांद्यावर डोके टेकून म्हणाली, “यंदा वैशाखात पाणी उतरेल ना?”

“पाऊस लांबला, तर उतरेल,” आबा म्हणाले; आणि पाऊस लांबावा असे शेतकऱ्याने म्हणू नये, हे आठवून गप्प राहिले.